शब्दाला दोन तोंडं लागतात

काशीत माणसं मरायला येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मरायच्या आत त्यांच्या तोंडचे शब्द उतरवून घ्यायला एक माणूस पगारी नेमलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तो माणूस मी. रामघाटाच्या गल्ल्यांत मला 'शब्दवाला' म्हणत, जसं दहीवाला म्हणावं तसं. पाठीमागे काय म्हणत तेही मला माहीत आहे. गिधाड म्हणत. मला त्याचा राग नाही. गिधाड निदान वेळेवर पोचतं. मी पुष्कळदा पोचलो नाही.

दक्षिणेतल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, काही विद्वान मंडळींनी मराठीचा एक मोठा कोश करायला घेतला होता. पोथ्यांतले शब्द त्यांना बसल्या जागी मिळत. बोलण्यातल्या शब्दांसाठी मात्र तालुक्या-तालुक्यांतून माणसं हिंडवावी लागली असती, आणि तेवढा पैसा कोशाच्या कचेरीजवळ नव्हता. तेव्हा त्यांच्यातल्या एका हुशार गृहस्थांच्या डोक्यात आलं की कोकणातली, खानदेशातली, वऱ्हाडातली, कृष्णाकाठची म्हातारी माणसं काशीवासाला म्हणून एकाच शहरात, चार-पाच घाटांच्या आसपास येऊन राहतात. शब्दांनी एवढा प्रवास स्वतःच्या खर्चानं केलेला आहे, तर उचलून घ्यायला एक माणूस तिथे बसवला की झालं. युक्ती बिनतोड होती. फक्त त्या गृहस्थांनी काशीवासातली खोली कधी आतून पाहिलेली नव्हती.

मला नेमलं ते माझं मराठी चांगलं म्हणून नव्हे. आमचं घराणं काशीतच मुरलेलं. बाजारात हिंदी, शाळेत हिंदी, घरात आईशी मराठी, तेही असं की दक्षिणेतून आलेला यजमान दोन वाक्यांत विचारी, "आपण मूळचे कुठले?" पण हीच गोष्ट कचेरीला सोयीची वाटली. मला कुठल्याच जिल्ह्याचा अभिमान नव्हता. सगळेच शब्द मला सारखे परके होते, त्यामुळे सगळेच मी तेवढ्याच आदरानं लिहून घेई.

काम कसं चाले ते थोडक्यात सांगतो. शब्द कधी आपण होऊन उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, नाहीतर तिचं वर्णन करायचं आणि विचारायचं, तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात? चुलीच्या मागची ती उंच जागा, जिथे गरम भांडी टेकवून ठेवतात. एक म्हातारी म्हणे 'भाणवस'. शेतातला पहिला माल शेजारी पाठवतात तो? 'वानोळा'. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायची बेगमी? कोकणातली म्हणे 'आगोट'. शब्द चिठ्ठीवर घ्यायचा, अर्थ बोलणाऱ्याच्याच भाषेत लिहायचा आणि खाली गाव. एवढ्यानं काम होत नसे. त्याच मुलखाचा दुसरा माणूस शोधायचा, पहिल्याशी ज्याचं बोलणं झालेलं नाही असा, आणि त्यालाही तेच विचारायचं. त्यानं तोच शब्द दिला तर चिठ्ठी पक्की. नाहीतर ती 'एकतोंडी' म्हणून गोणीत पडे आणि गोणी कोपऱ्यात.

हा नियम पडला तो एका सद्गृहस्थामुळे. हे दशाश्वमेधाजवळ एका धर्मशाळेत उतरले होते. गप्पिष्ट, पान खाणारे. रोज सकाळी मला बोलावून पाच-सहा अद्भुत शब्द देत. डोंगरावरून उतरणाऱ्या धुक्याला एक, चढणाऱ्याला दुसरा. विहिरीत डोकावल्यावर पोटात गोळा येतो त्याला तिसरा. कचेरी खूश, मी खूश. मग त्यांच्या गावचा एक न्हावी यात्रेला आला. त्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आमच्याकडं धुक्याला धुकंच म्हणत्यात." गृहस्थांना जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही रोज यायचात, बसायचात, ऐकायचात. शब्द संपल्यावर यायचे बंद झाला असता." मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. कचेरीला मात्र चिडता आलं, आणि तेव्हापासून शब्दाला दोन तोंडं लागू लागली.

लोकांचा संशय हा ह्या धंद्यातला कायमचा जाच. मरणाऱ्याच्या उशाशी बसून कोणी लिहितो आहे म्हटल्यावर नातेवाइकांना एकच गोष्ट सुचे, मृत्युपत्र. एकदा एका पुतण्यानं माझ्यावर चौकीत अर्ज दिला. दारोग्यानं मला उभं करून विचारलं, "बूढ़ों से क्या लिखवाते हो? वसीयत?" मी चिठ्ठ्या पुढे टाकल्या. त्यानं एका मराठी जाणणाऱ्या शिपायाकडून वाचून घेतल्या. शिपायानं वाचलं, "भाताचा भांड्याला लागलेला थर, खरवड." दारोग्यानं चिठ्ठी उलटी करून पाहिली. मग विचारलं, सरकार ह्याचे पैसे देतं का. मी म्हटलं, सरकार नाही, दुसरेच वेडे देतात. त्यानं मला सोडून दिलं.

हसण्यासारखं सांगून झालं. बाकीचं तसं नाही. पटकीची साथ आली की मी एका गल्लीत सकाळी बोललेल्या बाईची वळकटी दुसऱ्या दिवशी बाहेर फेकलेली बघे. प्लेगात तर घरंच्या घरं सोडून लोक गंगेपलीकडे झोपड्यांत गेले, आणि म्हातारी मागे राहिली. मी त्यांच्याकडे जात राहिलो. कोणाला वाटेल शूर होतो. शूर कसला, मला तेवढंच काम येत होतं. ऊर्ध्व लागलेल्या माणसापाशी बसायची इतकी सवय झाली की श्वासावरून मला कळे, आज विचारायचं का नुसतं बसायचं. ह्या शहाणपणाचा मला अभिमान आहे, आणि ते कोणाला यावं असं मला वाटत नाही.

आता ज्या एका शब्दासाठी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

रामघाटावर घनपाठींच्या घरात, खालच्या अंधाऱ्या खोलीत सगुणाबाई नावाची एक म्हातारी राहत असे. सोवळी, लाल आलवणातली, अन्नछत्रावर एक वेळ जेवणारी. घराच्या मालकीणबाईंना सगळे माई म्हणत. त्यांनीच मला तिच्याकडे नेलं. सगुणाबाईंचं गाव खरोळी, सह्याद्रीच्या माथ्यावर. म्हणजे एके काळी होतं. त्या तरुण असताना पटकीनं गाव उठलं, आणि पुन्हा वसलं नाही. आता तिथे रान आहे.

म्हातारी बोलकी होती. वाटसरूसाठी उंबऱ्याबाहेर झाकून ठेवायच्या पाण्याला त्यांच्या गावी 'उंबरपाणी' म्हणत. दिवस बुडता बुडता सुरू होऊन रात्रभर लागणाऱ्या पावसाला 'मावळझड'. मी लिहीत गेलो. मग त्यांनी विचारलं, "एवढ्यावर भागतं का तुमचं, भाऊ?"

मी म्हटलं, "नाही आजी. दुसरं तोंड लागतं. तुमच्याच गावचं."

"आणि नसलं तर?"

"मग शब्द गोणीत."

त्यांनी आलवण सावरलं. मग म्हणाल्या, "अजून एक घ्या. उसनओटी."

हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. अर्थ विचारला. त्यांनी सांगितला तो असा: एखादीचं अंगावरचं मूल गेलं, की गावातली दुसरी लेकुरवाळी तिच्याकडे जाते आणि आपलं मूल तिच्या ओटीत घालते. दूध उतरावं, छाती दुखू नये, हात रिकामे राहू नयेत म्हणून. ही उसनओटी. कोणी मागायची नसते. आपण होऊन द्यायची.

मी लिहून घेतलं. सगुणाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला दिली होती. माझी सहा दिवसांची मुलगी गेली तेव्हा. माझ्या धाकट्या जावेनं. तिचा रांगता मुलगा होता, बाळकृष्ण. वेगळ्या झालो होतो आम्ही, तिचं घर वरच्या आळीला, माझं खालच्या. स्वतः घेऊन आली, ओटीत घातला आणि गेली." मग म्हणाल्या, "तो माझ्याच ओटीत गेला, भाऊ. पटकीनं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही."

"त्या आता कुठे असतात?"

"तुम्हांला दुसरं तोंड हवं ना," सगुणाबाई म्हणाल्या. "शिंदे घाटावर बघा. यमुना नाव. वाती वळते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारीला उंबरपाण्याचं आणि मावळझडीचं काही पडलेलं नव्हतं. काशीत दोघी वर्षानुवर्षं हाकेच्या अंतरावर राहत होत्या, एकाच गंगेत नहात होत्या. मरायच्या आत धाकटीनं एकदा समोर यावं, एवढंच सगुणाबाईंना हवं होतं, आणि बोलावणं धाडायचं तोंड नव्हतं. म्हणून त्यांनी माझ्या कायद्याला कामाला लावलं होतं. इतक्या वर्षांत मला असं कोणी वापरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

यमुनाबाई सापडायला वेळ लागला नाही. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत एका ओट्यावर कापूस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लहानखुऱ्या, करड्या नजरेच्या. मी काम सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचारा. हात चालू राहील, तोंड मोकळंच आहे." मी रीतीप्रमाणे विचारत गेलो. वाटसरूचं पाणी? उंबरपाणी. दिवस बुडतानाचा पाऊस? मावळझड. खटाखट उत्तरं आली. एवढं पक्कं दुसरं तोंड मला क्वचितच मिळालं असेल. मग मी म्हटलं, "आजी, एखादीचं अंगावरचं मूल गेलं, आणि दुसरी आपलं मूल तिच्या ओटीत घालते. ह्याला खरोळीला काय म्हणत?"

त्यांचा हात थांबला. अर्धी वळलेली वात तशीच मांडीवर राहिली.

"आमच्याकडं असलं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सगुणीनं धाडलंय तुम्हांला."

मी नाकारलं नाही. काय नाकारणार? हे मला सांगायला खरोळीचं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

"तिला सांगा, शब्द नाही. गाव नाही, शब्द नाही." आणि पुन्हा वाती वळायला लागल्या. मी उठताना एवढंच म्हणाल्या, "जेवतबिवत असते ना?" मी होय म्हटलं.

सगुणाबाईंना मी निरोप दिला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. म्हणाल्या, "मग टाका गोणीत." त्या दिवसानंतर त्यांनी मला एकही शब्द दिला नाही. मी जाई, बसे, परत येई. कचेरीचं पत्र आलं की या महिन्यात काशीकडून चिठ्ठ्या कमी. मी उत्तर लिहिलं की माणसं लवकर मरत आहेत, उपाय असल्यास कळवावा.

थंडीच्या अखेरीला म्हातारीनं अंथरूण धरलं. आधी अन्न सुटलं, मग पाणी घशाखाली उतरेना. माईंनी मला बोलावलं. मी श्वास बघितला. बोलणं गेलं होतं, पण धुगधुगी होती आणि डोळे उघडे होते. दारावर कोणाची सावली पडली की ते डोळे तिकडे वळत.

मी सरळ शिंदे घाटावर गेलो. चिठ्ठी-बिठ्ठी काही विचारलं नाही. म्हटलं, "आजी, त्या चालल्या. आजचा दिवस आहे."

यमुनाबाई वाती वळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो. मनातून त्यांना पुष्कळ बोललो. कसली ही बाई, म्हटलं, दगड परवडला.

दुपारी मी घनपाठींच्या घरी बसलो असताना जिन्याखाली काठी वाजली. यमुनाबाई आल्या होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी त्या घराची पायरी कधी चढलेली नव्हती, तरी कोणाला काही न विचारता नेमक्या त्या खोलीत शिरल्या. सगुणाबाईंनी डोळे वळवले आणि ते तिथेच राहिले. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली बसल्या, जावेचं डोकं उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. माईंनी गंगाजळाची पळी पुढे केली. यमुनाबाईंनी ओठ ओले केले. माई पदरानं डोळे पुसत होत्या. आम्हां दोघांना वाटलं, मिटलं.

"चिठ्ठी आहे का तुमच्यापाशी?" यमुनाबाईंनी मला विचारलं.

कुठली ते मी विचारलं नाही. पिशवीत होती. गोणीत टाकायला माझा हात धजला नव्हता.

"अर्थ वाचा. शब्द वाचू नका."

मी वाचला. सगुणाबाईंनी सांगितला तसाच. दूध उतरावं, छाती दुखू नये, हात रिकामे राहू नयेत म्हणून. आपण होऊन द्यायची, इथपर्यंत.

"उसनओटी," यमुनाबाई म्हणाल्या. "पण अपुरं आहे हे. पुढचं लिहा. मूल परत द्यायचं असतं. दिवे लागायच्या आत."

मी बोरू काढला.

"मी दिवेलागणीला न्यायला गेले होते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, उंबरपाण्याचा अर्थ सांगताना होता तसा. "ही म्हणाली, निजलाय गं, राहू दे रात्रीचा, सकाळी ने. मी हिच्याकडं बघितलं आणि मला नाही म्हणवेना. त्या रात्री पटकी खालच्या आळीत आली. वरच्या आळीत आलीच नाही." त्यांनी जावेच्या कपाळावरचा घाम पुसला. "लिहिलंत?"

मी लिहिलं. माझ्या उभ्या नोकरीत ह्या नियमाबद्दल मी कचेरीवर चडफडलो होतो. मला वाटे, पहिल्याचं खोटं पकडायला दुसरं तोंड लागतं. सगुणाबाई खोटं एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. जेवढं त्यांना तोंडातून काढवलं नाही तेवढं राहून गेलं होतं, आणि ते जिला ठाऊक होतं तिच्याकडे त्यांनी स्वतःच मला पाठवलं होतं. सगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे जात होतं. त्या सगळं ऐकत होत्या.

दुपार सरली. यमुनाबाई हलल्या नाहीत. मांडीला रग लागली असेल, पण त्यांनी पाय बदलला नाही. अधूनमधून ओठ ओले करत. एकदा त्यांनी काहीतरी गुणगुणलं, लहान मुलाला निजवताना गुणगुणतात तसं. मी ते लिहून घेतलं नाही.

मग घाटावर घंटा सुरू झाल्या आणि माईंनी देवापुढे समई लावली. उजेड खोलीच्या दाराशी आला. यमुनाबाईंनी सगुणाबाईंचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचललं, उशीवर ठेवलं, पांघरूण नीट केलं आणि काठी घेऊन उठल्या.

माई म्हणाल्या, "अहो, आता थोडक्यासाठी कशाला जाता? रात्र काढत नाहीत त्या."

"दिवे लागले," यमुनाबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

सगुणाबाई त्या रात्रीच संपल्या. माई म्हणत की शेवटपर्यंत त्या दाराकडे बघत होत्या. मणिकर्णिकेवर मी गेलो, घनपाठी गेले. यमुनाबाई आल्या नाहीत. त्यांनी मिटवलं की हिशेब पुरा करून घेतला, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही, आणि पुढल्याच साथीत त्याही गेल्या. खरोळीचं एकही तोंड मग उरलं नाही.

चिठ्ठी पक्की होती. दोन्ही तोंडांची नावं घालून मी ती कचेरीला पाठवली. पुढे कोशाचे पहिले भाग छापून आले. त्यात 'उ'मध्ये तो शब्द आहे. मला वाटतं, माझ्या काशीच्या शब्दांपैकी छापलेला तो सर्वांत विचित्र. अर्थ दिला आहे: मृतापत्य स्त्रीच्या ओटीत दुसरीने आपले मूल काही काळ घालण्याची चाल. बस. पुढचं वाक्य काढून टाकलं आहे. मी पत्र लिहून विचारलं तेव्हा जागेची अडचण म्हणून कळवण्यात आलं. त्यांचंही खरं असेल. असे हजारो शब्द त्यांच्यापुढे होते, आणि त्या खोलीत ते बसलेले नव्हते.

माझ्या प्रतीत मी समासात बोरूनं लिहून ठेवलं आहे. माझी नजर आता अधू झाली आहे, आणि ती प्रत माझ्यामागे रद्दीत जाईल. ह्या मासिकाचा अंक वाचणाऱ्या जिज्ञासू मंडळींपैकी कोणाकडे तो कोश असेल, तर त्यांनी 'उ'चं पान काढून तिथे पेन्सिलीनं एवढं लिहावं, ही विनंती: परत द्यायचं असतं. दिवे लागायच्या आत.